बेलीझच्या गुहेतून ट्यूबवर

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्याभोवती घडलं. नऊ वर्षांचा असताना गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या संध्याकाळी एका लाटेनं पाय काढून घेतले, काही क्षण मी पाण्याखाली होतो आणि काकांनी कॉलरला धरून वर ओढलं. तेव्हापासून पन्नास वर्षं मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलो नव्हतो. माझी बायको मात्र वाईजवळच्या गावातली. पाठीला पत्र्याचा डबा बांधून भावांनी तिला सातव्या वर्षी विहिरीत सोडलं. पुढे डबा सुटला, मग ट्रकच्या ट्यूबवर बसून साऱ्या मे महिन्याच्या दुपारी विहिरीतच.

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून लेकीनं आम्हाला कॅरिबियनची क्रूझ दिली. मायामीहून निघायचं, सात रात्रींनी मायामीलाच परतायचं, फेब्रुवारीत. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. जहाज मायामीला परततं तेव्हा तुम्ही अमेरिकेत नव्यानं प्रवेश करत असता, त्यामुळे व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. आमचा होता, तरी मी पासपोर्टाच्या आणि व्हिसाच्या दोन-दोन प्रती काढून एक संच जहाजावरच्या तिजोरीत ठेवला आणि एक खिशात.

बंदरावर उतरून काय करायचं हे घरूनच ठरवावं लागतं. जहाजाकडून घेतलेली सहल महाग असते, पण ती उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. बाहेरच्या माणसाकडून घेतलेली स्वस्त असते, गट लहान असतो, पण उशीर झाला तर जहाज निघून जातं आणि पुढचं बंदर स्वतःच्या खर्चानं गाठावं लागतं. आम्ही बाहेरची घेतली. आठच माणसं, आणि न पोहणाऱ्यांना चालेल का या प्रश्नाला त्यांनी नुसतं 'हो' न म्हणता सविस्तर उत्तर दिलं होतं: लाइफ जॅकेट सक्तीचं, गाईड परवानाधारक, ट्यूबा एकमेकींना जोडलेल्या, जास्त पाऊस झाला तर नदी बंद. सहल कुठली ते हिनंच शोधलं होतं. बेलीझमधल्या डोंगराच्या पोटातून वाहणाऱ्या नदीत ट्यूबवर पडून तरंगत जायचं. "अहो, ट्यूबच आहे. आमच्या विहिरीतली असायची तशी," ती म्हणाली. मी दोन दिवस काही बोललो नाही आणि तिसऱ्या दिवशी पैसे भरले.

बेलीझ हा मध्य अमेरिकेतला छोटा देश. १९८१ साली स्वतंत्र झाला, १९७३ पर्यंत त्याचं नाव ब्रिटिश होंडुरास. किनाऱ्यालगत समुद्र इतका उथळ आहे की मोठी जहाजं कित्येक मैल बाहेर नांगर टाकतात आणि माणसांना लहान बोटींनी बेलीझ सिटीच्या धक्क्यावर आणतात. या बोटींना टेंडर म्हणतात. जगातल्या सर्वांत लांब प्रवाळभिंतींपैकी एक इथली, १९९६ पासून जागतिक वारसा यादीत असलेली. टेंडरमधून जाताना पाणी गडद निळं, मग फिकट हिरवं, मग मातकट होत गेलं. लाटांचे फवारे अंगावर येत होते आणि मी समोरच्या दांड्याला धरून बसलो होतो.

आदल्या रात्री मी एक काम केलं होतं. मायामीची हिवाळ्यातली वेळ आणि बेलीझची वेळ यांत एका तासाचा फरक आहे, बेलीझ मागे. आमचं जहाज आपलं घड्याळ बदलणार नव्हतं. शेवटचं टेंडर साडेचारला असं पत्रकात छापलं होतं, म्हणजे धक्क्यावरच्या घड्याळात साडेतीन. पण फोन किनाऱ्याजवळ पोचताच स्थानिक वेळ आपोआप पकडतो. म्हणून मी मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवलं आणि पत्रकाचा फोटो काढला. हिनं मंगळसूत्र तिजोरीत ठेवलं. तीस वर्षांत ते गळ्यातून निघाल्याचं मी क्वचितच पाहिलं होतं. माझ्या चष्म्याला तिनं नाडी बांधून दिली.

धक्क्यावरून गाडी निघाली. आमचा ड्रायव्हर वाटेतल्या प्रत्येक गोष्टीबद्दल आपुलकीनं सांगत होता. हॅटीव्हिल नावाचं गाव लागलं. १९६१ च्या ऑक्टोबरात हॅटी चक्रीवादळानं बेलीझ सिटी उद्ध्वस्त केली, बेघर झालेल्यांना इथं आणून वसवलं आणि गावाला वादळाचंच नाव पडलं. राजधानीही मग समुद्रापासून आत, बेलमोपानला नेली, १९७० साली. आम्ही भारतातले म्हटल्यावर तो वळून हसला. उत्तरेला कोरोझाल जिल्ह्यात कलकत्ता नावाचं गाव आहे म्हणाला. उसाच्या मळ्यांवर एकोणिसाव्या शतकात करारानं आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांचे वंशज या देशात आहेत, आणि दक्षिणेकडे त्यांच्या घरी पिवळ्या रश्शाला अजून 'टाकारी' म्हणतात. ही पटकन म्हणाली, "तरकारी!" त्या माणसांनी आपल्या भाषा केव्हाच सोडल्या असतील, पण ताटातला शब्द राहिला. मला ते ऐकून गलबलून आलं.

तासाभरानं आम्ही जंगलाच्या तोंडाशी होतो. या राखीव जागेचं नाव नोहोच चेएन. गाईडनं अर्थ सांगितला: माया, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, भाषेत नोहोच म्हणजे मोठं, आणि चेएन हा शब्द गुहेलाही वापरतात आणि विहिरीलाही. मेक्सिकोतल्या चिचेन इत्झा या प्राचीन माया शहराच्या नावातला 'चेन' तोच. ही माझ्याकडे बघत राहिली.

हेल्मेट, कपाळावरचा दिवा, जॅकेट. जॅकेटचे पट्टे गाईडनं इतके आवळले की दोन बोटंही आत जाईनात. मग त्यानं विचारलं, कोणाला पोहता येत नाही? मी हात वर केला. आणखी एक तरुण मुलगीही होती, तिनं माझा हात पाहून आपला वर केला. गाईड म्हणाला, ज्यांनी आत्ता सांगितलं त्यांची मला काळजी नाही, जे सांगत नाहीत त्यांची असते.

मोठाली ट्यूब खांद्याला अडकवून अर्धा-पाऊण तास चालायचं होतं. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला ती वाट अवघड नाही, दमट हवा मात्र कोकणातल्या जूनसारखी. पान कापून नेणाऱ्या मुंग्यांची हिरवी रांग वाट ओलांडत होती. एका ताडासारख्या झाडाच्या बुंध्याला बोटभर काटे होते. त्याला तिथं 'गिव्ह अँड टेक' म्हणतात: काटा लागून रक्त आलं तर ते थांबवायला त्याच झाडाची आतली साल चेचून लावायची. गाईडनं वाळवीच्या वारुळातून दोन वाळव्या उचलून खाल्ल्या आणि गाजरासारख्या लागतात असं सांगितलं. आम्ही हात जोडले. वाटेत नदी एकदा चालत ओलांडायची होती. पाणी मांडीपर्यंत आलं. दोर होता, हिचा हात होता, आणि पन्नास वर्षांची ती रेघ तिथंच, फारसा विचार करायला वेळ न मिळता ओलांडली गेली.

खरी कसोटी ट्यूबवर बसण्याची. पाण्याकडे पाठ करून स्वतःला मागे सोडून द्यायचं असतं. माझे गुडघे वाकेनात. गाईडनं ट्यूब धरून ठेवली होती, मागे दोन माणसं थांबलेली. ही आधीच आपल्या ट्यूबवर पडलेली होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, बसायला जाऊ नका. खुर्ची मागे आहे असं समजून नुसते सैल व्हा." मी डोळे मिटले आणि सैल झालो. ढुंगणाला गार पाणी लागलं, ट्यूब डगमगली आणि स्थिर झाली.

जोडणी अशी असते: मागच्याचे पाय पुढच्यानं आपल्या काखेत धरायचे. सर्वांत पुढे गाईड, त्याच्या मागे मी, माझ्या मागे ही. तिचे दोन्ही पाय माझ्या काखेत घट्ट. अशी आठ जणांची माळ गुहेच्या तोंडातून आत शिरली आणि उजेड मागे राहिला.

हा सगळा चुनखडीचा प्रदेश. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, आणि हजारो वर्षं दगड विरघळवत डोंगर पोखरतं. तोच विरघळलेला चुना छतावरून थेंबाथेंबानं खाली येताना लोंबते सुळके तयार होतात. दिव्याच्या उजेडात काही मेणासारखे दिसत होते, काही देवळाच्या झुंबरासारखे. वर वटवाघळं. माया लोकांना गुहा म्हणजे पाताळाचं दार वाटायचं. त्या पाताळाला शिबाल्बा म्हणत, म्हणजे भीतीची जागा. दुष्काळात ते मातीची भांडी घेऊन इथवर येत आणि पर्जन्यदेवता चाकला साकडं घालत. आपल्याकडे पाऊस लांबला की महादेवाची पिंडी पाण्यात बुडवून ठेवतात, ते मला आठवलं. ती माणसं मशाली घेऊन आत आली होती, जॅकेटाशिवाय, आणि गरजेपोटी.

मधेच गाईडनं सगळ्यांना दिवे विझवायला सांगितलं.

असा अंधार मी कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे आणि मिटलेले यांत फरकच नाही. पाणी हलत होतं पण आपण पुढे जातोय की थांबलोय ते कळेना. थेंब कुठं पडतोय ते कळेना. छातीत धडधड सुरू झाली, श्वास वरच्या वर अडकायला लागला. मी हिचे पाय किती जोरानं दाबले असतील कोण जाणे. मागून आवाज आला, नेहमी घरात बोलते त्याच आवाजात: "मान सोडा. डोकं मागे टेकवा. पाठीला डबा बांधलेला आहे." मी मान सोडली. डोकं ट्यूबच्या कडेला टेकलं, कान पाण्याच्या जवळ गेले, आणि मानेपासून कमरेपर्यंत काहीतरी सैल होत गेलं. पाणी मला धरून होतं. दिवे लागले तेव्हा मला वाटलं, अजून थोडा वेळ चाललं असतं.

पुढे एका वळणावर मात्र ओढ वाढली. छत खाली आलं होतं, गाईडनं ओरडून माळ सोडवायला सांगितली, माझी ट्यूब भिंतीला थडकून गोल फिरली आणि मी कलंडलो. नाकातोंडात पाणी गेलं. चौपाटीवरचा तो क्षण जसाच्या तसा परत आला, खारट चवीसकट, खरं तर हे पाणी गोड होतं. हातपाय झाडत होतो. गाईडचा आवाज कानात शिरायला वेळ लागला: उभे राहा. उभे राहा. मी पाय खाली टाकले. तळाला गोटे लागले. पाणी कमरेपर्यंत होतं.

मी तसाच उभा राहिलो. खोकला थांबेपर्यंत गाईड जॅकेटचा पट्टा धरून होता. ही पोहत आली. काही बोलली नाही, चष्मा सरळ केला फक्त. मग मी पुन्हा पाठ केली, मागे सैल झालो आणि ट्यूबवर पडलो. या वेळी मला कुणी सांगावं लागलं नाही. शेवटचा टप्पा उघड्या आकाशाखाली होता, दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली. पाणी उथळ झालं की गाईड कंबर उचलायला सांगायचा, नाहीतर दगड लागतात. मी वर बघत होतो आणि मला रडू येत होतं.

जेवण साधं आणि उत्तम. नारळाच्या दुधात शिजवलेला राजम्याचा भात, तळलेलं पिकलं केळं आणि गाजर घातलेला झणझणीत मिरचीचा सॉस. ही शाकाहारी, तिनं भात दोनदा घेतला.

जेवण आटोपून निघालो तेव्हा गटातल्या दोघांना वाटेत थांबून खरेदी करायची होती. त्यांच्या फोनमध्ये पावणेदोन वाजून गेले होते आणि साडेचारपर्यंत भरपूर वेळ आहे असं ते म्हणत होते. मी घड्याळ दाखवलं: पावणेतीन. पत्रकाचा फोटो दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. ड्रायव्हर मला दुजोरा देत म्हणाला, थांबायचं नाही. बरं झालं, कारण पुढे हमरस्त्यावर एक ट्रक आडवा बंद पडला होता आणि आमची पंचवीस मिनिटं तिथंच गेली. धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटच्या टेंडरला पंधरा मिनिटं उरली होती. अशी सहल घेणाऱ्यांना माझं हेच कळकळीचं सांगणं आहे: फोनवर विसंबू नका, मनगटावर जहाजाची वेळ लावा आणि हिशेबात दीड तास जास्तीचा ठेवा.

परतीच्या टेंडरमध्ये मी दांडा धरला नव्हता. हे मला नाही, हिला आधी दिसलं.

मे महिन्यात आम्ही तिच्या माहेरी गेलो. विहिरीवर आता मोटर आहे, मुलं उतरत नाहीत. गाड्यांचे टायर ट्यूबलेस झाल्यामुळे ट्यूब मिळायला वेळ लागला. शेवटी हायवेवरच्या एका टायरवाल्याकडे ट्रकची जुनी ट्यूब सापडली, दोन ठिकाणी पॅच लावलेली. मेहुण्यांनी हवा भरून ती पाण्यात टाकली. विहिरीला बावीस पायऱ्या आहेत. चौदाव्या पायरीला पाणी लागलं. सोळाव्या पायरीवर मी वळलो, पाण्याकडे पाठ केली, आणि ही खालून म्हणाली, "मान सोडा."