हिवाळी घळउतरणीचा संच: वेटसूटची निवड कुठवर आली

घळउतरणी म्हणजे दोराच्या आधाराने घळीतून खाली उतरत जाणं, वाटेतली पाण्याची कुंडं ओलांडत. दिवाळी सरली की सातमाळा-अजिंठा रांगेतल्या बहुतेक घळींचं वाहणं मंदावतं. धबधब्याच्या टप्प्यांवर नुसती ओल उरते आणि पाणी राहतं ते कुंडांत, रांजणखळग्यांत. दुपारी पठारावर २८-३० अंश तापमान असतं, आणि खाली उत्तरेकडे तोंड केलेल्या अरुंद घळीत ऊन दिवसभर पोचत नाही. मराठवाड्यात कसला आलाय वेटसूट (गार पाण्यात ऊब टिकवणारा, अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख), असं म्हणणाऱ्याने पौषात सकाळी नऊला अशा कुंडात छातीपर्यंत उतरून दहा मिनिटं उभं राहून दाखवावं.

यंदा संच नव्याने लावताना एक निकष पक्का धरला: सूट निवडायचा तो पोहण्यासाठी नाही, थांबण्यासाठी. सहा जणांचा गट, दोराने उतरायचा २५ मीटरचा टप्पा. दोराला क्लिप लावणं, तपासणं, उतरणं, दोर मोकळा करणं मिळून माणशी सात मिनिटं धरा. पहिला माणूस खाली पोचल्यावर शेवटचा येईपर्यंत ३५ मिनिटं जातात, आणि टप्प्याच्या पायथ्याशी कुंड असेल तर तो ही सगळी मिनिटं भिजलेला, घळीतून येणाऱ्या वाऱ्यात उभा असतो. असे चार टप्पे झाले की दोन तास वीस मिनिटं. पाण्यात प्रत्यक्ष गेलेला वेळ त्याच्या पावही नसतो. म्हणून दुकानात मिळणारा ‘इतकं तापमान, इतकी जाडी’ हा तक्ता इथे जसाच्या तसा लागू होत नाही. तो सतत हातपाय मारणाऱ्या सर्फरसाठी किंवा पाण्याखाली असणाऱ्या डायव्हरसाठी बनवलेला असतो.

तरी सुरुवात तापमानापासूनच करायची. फिशटँकचा थर्मामीटर दोरीला बांधून पृष्ठभागावर एकदा आणि मीटरभर खोल एकदा, असं सकाळीच मोजावं. दुपारचा वरच्या थराचा आकडा फसवतो. पाणी २० अंशांच्या वर असेल तर ३ मि.मी. सूट पुरतो. १५ ते २० असेल तर ४/३, म्हणजे धडाला ४ आणि हातापायांना ३ मि.मी. १५ च्या खाली गेलं की ५ मि.मी., आणि सोबत हूड (डोकं-कान झाकणारी टोपी), मोजे, हातमोजे. घळीत थांबणं जास्त असेल तर याच हिशेबात एक पायरी वर चढायचं. आपल्याकडच्या घळींना ५ मि.मी.चा अखंड सूट बहुतेक वेळा जड होतो. तो हिमालयाच्या बेतासाठी राखून ठेवावा.

अखंड सूटची खरी अडचण चालण्यात आहे. घळीच्या तोंडापर्यंत तासभर उन्हातली चाल, शेवटी चढून वर येणं तेही उन्हात. ५ मि.मी. अंगात घालून चाललात तर पाण्यात शिरण्याआधीच घामाने निथळाल, आणि दमलेलं, पाणी कमी पडलेलं शरीर लवकर गारठतं. त्यामुळे आमचा कौल दोन तुकड्यांना: खाली बिनबाह्यांचा, खांद्यावर पट्टे असलेला ३ मि.मी. लाँगजॉन, वर ३ मि.मी. जॅकेट. धडावर दोन्ही मिळून ६ मि.मी. होतात, हात मोकळे राहतात, आणि उन्हाच्या पट्ट्यात जॅकेट काढून सॅकमध्ये कोंबता येतं. तोटा एवढाच की कमरेपाशी पाणी आत यायला वाट मिळते, म्हणून जॅकेट कमरेला घट्टच हवं.

मापाबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे वाया जातात ते इथेच. सूटच्या आत शिरलेलं पाणी ऊब देतं हा समज अर्धवट आहे. ऊब धरतात ते निओप्रीनमधले, म्हणजे सूटच्या फेसाळ रबरातले, वायूचे बंदिस्त बुडबुडे. आतल्या पाण्याचा थर पातळ असेल आणि जागचा हलत नसेल तर तो त्रास देत नाही, एवढंच. सैल सूटमध्ये दर हालचालीला गरम झालेलं पाणी बाहेर आणि गार पाणी आत, असा पंप चालतो. मग ५ मि.मी.चा सैल सूट ३ मि.मी.च्या नेमक्या सूटपुढे हरतो. घालून बघताना पाठीच्या खोलगट भागात कापड चिमटीत धरा. सहज मूठभर हातात आलं तर तिथे पाण्याची पखाल भरणार. उकिडवं बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या. खांदा ओढला जाऊन श्वास अडत असेल तर उंचीचं माप लहान आहे. जांघेत अंतर राहिलं तर पाय उचलताना दर पावलाला झटावं लागेल. कोरडा सूट जरा जास्तच घट्ट वाटतो, भिजल्यावर सैलावतो. मुलींनी पुरुषी कापाचा लहान साइज घेऊन भागवू नये. नितंबाला बसतो तेव्हा कमरेला पोकळ राहतो.

कापड कोणतं? गुळगुळीत रबरी पृष्ठभागावर पाणी टिकत नाही, वाऱ्यात तो कमी गारठतो, पण बेसाल्टच्या खरखरीत कडेवर एका घसरणीत फाटतो. घळीसाठी दोन्ही बाजूंनी नायलॉनचं अस्तर असलेलंच निओप्रीन हवं, गुडघे, कोपर आणि बैठकीवर जाड ठिगळ असलेलं. सर्फिंगचे ताणले जाणारे मऊ सूट स्वस्तात मिळतात म्हणून मोह होतो, पण त्यांचं बूड लवकर जातं. नायलॉनचं अस्तर मात्र ओलं राहतं, आणि बाष्पीभवनाने थांबलेल्या माणसाची ऊब उडते. त्यावर उपाय साधा: कमरेपर्यंतचा पातळ विंडचीटर सूटवरून चढवायचा. त्याच्या नाड्या आत खोचून ठेवा, नाहीतर डिसेंडरमध्ये (दोरावरून उतरायच्या साधनात) ओढल्या जातात.

शिवण उजेडासमोर धरून तपासा. सपाट शिवणीत सुईची भोकं आरपार असतात, त्यातून पाणी झिरपतं. चिकटवून अर्ध्या जाडीपर्यंतच टाके घातलेली शिवण हिवाळ्यासाठी बरी. सूटची बैठक घासू नये म्हणून रिक्षाचे हूड शिवणाऱ्या कारागिराकडून जाड पीव्हीसीचा साधारण ४० × ३५ सें.मी. तुकडा शिवून घेता येतो. तो हार्नेसला (कमर-मांड्यांभोवतीच्या, दोराला जोडायच्या पट्ट्यांना) लूपने अडकवायचा. हार्नेसच्या पट्ट्यातून सुई घालू द्यायची नाही. निओप्रीन दाबलं जातं, म्हणून कमरेचा पट्टा सूट घालूनच, आणि पहिल्या कुंडानंतर पुन्हा एकदा आवळायचा.

फाटलंच तर दुरुस्तीत घाई नडते. चीर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, दोन्ही कडांना निओप्रीन सिमेंटचा पातळ हात द्या, पाच-दहा मिनिटं थांबा, दुसरा हात द्या, बोटाला चिकटेनासं झालं की कडा नेमक्या जुळवून दाबा. एकदा टेकल्या की सरकत नाहीत. दिवसभर पाण्याला लावू नका. चपला चिकटवायच्या साध्या रबर सोल्युशनवर काम तात्पुरतं भागतं, पण उन्हाळ्यात ते सुटून येतं. झिजलेल्या गुडघ्यावर युरेथेनचा पातळ लेप दिला तर ठिगळाचं काम होतं आणि सुईची भोकंही पडत नाहीत.

इथला खास शत्रू कुसळ. मार्गशीर्षात गवत वाळलं की कुसळं नायलॉनच्या अस्तरात आणि वेल्क्रोत रुततात आणि चालताना टोचत आत जातात. घाणेरी आणि बोरीचे काटे तर सरळ भोक पाडतात. चालीत वरून जुनी ट्रॅकपँट घाला. काळा सूट कड्यावरच्या आग्या मोहोळांजवळ आणखी वाईट, कारण गडद, हलणाऱ्या वस्तूवर माश्या लवकर चालून येतात. मोहोळाखालून दोर सोडायचाच नाही. गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते, आणि अजिंठा, पितळखोरे ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथे दोर टाकायचा विचारही नको.

पायात ३ मि.मी. निओप्रीन मोजे, त्यामुळे बूट एक नंबर मोठा. हातात २ मि.मी. मोजे पोहायला, पण उतरताना त्यावर चामडी, कारण दोराच्या घर्षणाने निओप्रीन वितळतं. डोक्याला ३ मि.मी. हूड, हेल्मेट त्यावर बसतं का ते घरीच बघा. हूडमध्ये ऐकू कमी येतं, म्हणून शिटीचे संकेत आधी ठरवा. आत सुती बनियन नको. बाजारातल्या ‘थर्मल’वर कापूस किती टक्के ते वाचूनच घ्या.

कोरड्या डब्यात फ्लीस, लोकरीची टोपी, चांदीसारखं चकाकणारं आपत्कालीन ब्लँकेट, हेडलॅम्प, थर्मासमध्ये गोड चहा, गूळ-शेंगदाणे. कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) लावताना बोटं चाचपडायला लागली, बोलणं अडखळलं की त्या माणसाला थांबवून कोरडं करा, खाली सॅक किंवा दोर घालून बसवा. हुडहुडी थांबली आणि माणूस सुस्तावला तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही, शरीराचं तापमान आणखी उतरल्याचं असतं. चोळू नका, दारू तर नकोच. दर टप्प्याला पहिला माणूस बदलायचा, हे यंदापासून ठरलेलं.

हंगामानंतर सूट उलटा करून गोड्या पाण्यात बुडवावा, सावलीत वाळवावा. बोअरच्या जड पाण्याने झिपवर पांढरी पुटं चढतात, त्यावर मेणबत्ती घासली की झिप सरकते. चैत्र-वैशाखात पत्र्याखालच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत सूट ठेवला तर गोंद सुटतो आणि निओप्रीन कडक होतं. घडीही घालू नये, रुंद खांद्याच्या हँगरवर लटकवावा.

राहिलेली कामं: मोज्यांचा एक जोड टाचेला उसवलाय, तो चिकटवायचा. चार माणसांवर एकदम ओढता येईल अशी वाराबंद नायलॉनची पिशवी शिवायची. कापड आलंय, शिवण संक्रांतीआधी उरकायला हवी.