अप्पांची वाटणी आणि दिल्लीचा हिस्सा

माझं माहेर जत तालुक्याच्या पूर्व टोकाला. घरात कानडी, शाळा मराठी आणि ट्रॅक्टरमध्ये डिझेल कर्नाटकातलं, कारण तिकडं लिटरमागं पाचेक रुपये वाचायचे. मी सांगलीत विश्रामबागला बसून लोकांचे जीएसटी रिटर्न भरते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई जतच्या चाळीस गावांनी केलेल्या, कर्नाटकात जायच्या ठरावाबद्दल बोलले आणि आठवडाभर प्रत्येक अशिलानं मला एकच विचारलं, "काय मॅडम, आता माहेरी जायला व्हिसा काढणार का?"

ठराव होता २०१२ च्या दुष्काळातला. अप्पांना फोन केला.

"तुम्ही हात वर केला होता?"

"केला की. टँकर आठ-आठ दिवस यायचा न्हाई. चंद्रावर जायचा ठराव असता तरी केला असता."

पुढं त्यांचा नेहमीचा मुद्दा: महाराष्ट्र दिल्लीला एवढा कर देतो, मग आम्ही कोरडे का? इथं माझा धंदा आडवा येतो. माझा एक अशील हळद पावडर अहमदाबादला पाठवतो. पाच टक्के कर तो सांगलीतून भरतो, पण त्यातला राज्याचा वाटा जातो गुजरातला, कारण हळद तिकडच्या आमटीत पडते. प्राप्तिकराचं उलटं. साबण बिहारमध्ये खपतो, कंपनीचं मुख्यालय मुंबईत, म्हणून कर महाराष्ट्राच्या नावावर. देशाच्या प्रत्यक्ष करातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा आपल्या राज्यातून जातो हे खरंच आहे. पण चलन भरणारा आणि खिसा रिकामा करणारा एकच असतो असं नाही.

परत येताना मात्र वाटप वेगळंच. केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा ठरवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी वाटपयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांना दिले (सेस आणि अधिभार, म्हणजे करावर लावलेले जादा आकार, त्यात धरतच नाहीत, ही दिल्लीची चलाखी). त्यात उत्तर प्रदेशाला १७.९३९ टक्के, महाराष्ट्राला ६.३१७. सूत्रातला ४५ टक्के भार एकाच निकषावर होता: राज्य जितकं गरीब, तितकं जास्त. आणि कर्नाटक? आधीच्या आयोगाच्या ४.७१३ वरून ३.६४७ वर. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या जंतरमंतरवर धरणं धरून बसले, त्यांच्या पक्षाचा एक खासदार तर दक्षिणेच्या वेगळ्या देशाची भाषा बोलून गेला. म्हणजे अप्पा ज्या घरात जायला निघाले होते, तेच घर 'आमच्यावर अन्याय' म्हणत होतं.

अप्पांना एक हिशोब मी मुद्दाम ऐकवला. म्हैसाळ योजनेत कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून वर येतं. त्या पंपांच्या वीजबिलातले ८१ टक्के सरकार भरतं, शेतकरी १९. ते ८१ कुठून येतात? बरेचसे मुंबई-पुण्याच्या करातून. तिथल्या कुणी उद्या 'आमचा पैसा जतला कशाला' म्हटलं तर?

"पाणी आमच्यापर्यंत आलंच न्हाई तर ८१ टक्के कशाचे?" अप्पा म्हणाले. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

वाटणीचं त्यांना मी काय सांगणार? काका वेगळे झाले तेव्हा जमीन मोजून निम्मी झाली, विहीर राहिली सामाईक. पाळी ठरली, पण मोटरचं बिल आलं की अजून आठ दिवस अबोला. आंध्र आणि तेलंगणाचं २०१४ मध्ये हेच झालं. कर्ज आणि मालमत्तेचा मोठा भाग लोकसंख्येनुसार ५८.३२ आणि ४१.६८ असा तोडला, हैदराबाद मात्र तोडता आलं नाही. देशाबाहेर जायची वाट राज्यघटनेत नाहीच. राज्याची हद्द संसद कलम ३ खाली बदलू शकते, ग्रामसभेचे हात नाही. तरी समजा चाळीस गावं गेलीच, तर कालव्याच्या कर्जातला त्यांचा वाटा कोण काढणार? डोकी मोजून, की ओलं झालेलं रान मोजून?

बोम्मई बोलले त्याच, २०२२ च्या हिवाळ्यात कर्नाटकानं आपल्या तुबची-बबलेश्वर उपसा योजनेतून जतमधल्या तिकोंडीच्या तलावात पाणी सोडलं. मग इकडंही म्हैसाळ विस्तारित योजनेच्या निविदेची घाई सुरू झाली. दहा वर्षं पडून राहिलेल्या ठरावानं एवढं तरी केलं. तलावातलं ते पाणीसुद्धा कृष्णेचंच, सांगलीच्या आयर्विन पुलाखालून खाली गेलेलं, तिकडं उपसून परत वर चढवलेलं. अप्पा मोटरसायकलवर बघायला गेले होते.

"कसं होतं?"

"गढूळ," म्हणाले. "पण होतं."