एक चित्र, एक महिना : आमची वाटचाल

घरी मुलांना शिकवणाऱ्या पालकांसाठी आम्ही कलेच्या इतिहासावरचे संच तयार करतो. एका संचात एकच चित्र. ते महिनाभर भिंतीवर राहतं आणि त्यातून निघेल ते शिकायचं. मग ते गणित असो, भूगोल असो, रसायनशास्त्र असो की नुसतीच गोष्ट.

"महिनाभर एकच चित्र? पोरं कंटाळणार नाहीत का?" असं अजूनही विचारतात. त्यावर आम्ही आमचा पहिलाच संच पुढे करतो. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचं 'मेलन्कोलिया', साल १५१४, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. गालाला हात लावून बसलेली पंखवाली आकृती, भोवती पसरलेली अवजारं. मुलांना आधी दिसतो तो झोपलेला हाडकुळा कुत्रा. आकडे नंतर. वर उजवीकडे भिंतीवर सोळा घरांचा चौकोन आहे. आडवी कुठलीही ओळ घ्या, बेरीज ३४. उभी घ्या, तिरकी घ्या, तरी ३४. चार कोपऱ्यांतले १६, १३, ४ आणि १ मिळवले तरी तेच. इथून पुढे मोठ्यांनी गप्प बसावं. मुलं आणखी चौकड्या स्वतःच शोधायला लागतात, आणि शेवटच्या ओळीत मधोमध १५ आणि १४ शेजारी शेजारी दिसले, की हे चित्राचंच साल आहे हे कुणीतरी ओरडून सांगतं.

सुरुवातीला हे सगळं आमच्याच मुलांपुरतं होतं. फाइली मित्रमंडळींत फिरू लागल्या, मागणी आली आणि पहिली अडचण उभी राहिली ती चित्रांची. छापण्याजोगी मोठी, स्वच्छ प्रतिमा आणि ती वापरायची परवानगी, दोन्ही छोट्या धंद्याला परवडणारं नव्हतं. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमने आपल्या जुन्या चित्रांच्या प्रतिमा खुल्या केल्या, २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनेही केल्या. तसं झालं नसतं तर आमचं दुकान उघडलंच नसतं.

दुसरी अडचण छपाईची. जपानी चित्रकार होकुसाईच्या 'महालाटे'चा पहिला लॉट आला तो जांभळट. मॅजेंटा, म्हणजे छपाईची गुलाबी शाई, जास्त चढला होता. छापखान्याचं म्हणणं, एवढं कोण बघतंय! पण त्या संचात बघायचं तेच तर होतं. १८३१च्या सुमाराच्या त्या लाटेत प्रशियन ब्लू आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये लाल रंग करायला गेलेल्या माणसाच्या हातून अपघाताने झालेला हा निळा. जपानची दारं परदेशी व्यापाराला जवळजवळ बंद होती, तरी तो नागासाकीच्या बंदरातून आत शिरला. एका रंगात रसायनशास्त्र, व्यापार आणि नकाशा. लॉट परत केला. तेव्हापासून प्रूफ हातात आल्याशिवाय आम्ही छपाईला हिरवा कंदील देत नाही.

पालकांचा आग्रह असतो, हे कुठल्या इयत्तेच्या कुठल्या धड्याला लागू पडतं ते छापा. मागच्या पानावर थोडक्यात छापतो, नाही म्हणत नाही. पण आमची कसोटी वेगळी आहे : चित्र काढून घेतलं तरी धडा तसाच शिकवता येत असेल, तर तो आमच्या संचात नको. फ्रेंच चित्रकार सेझानची सफरचंदं मोजून बेरीज शिकवायला सेझान कशाला हवा? त्याच्या टेबलाची कड कापडाच्या एका बाजूला एका उंचीवर आणि दुसऱ्या बाजूला भलत्याच उंचीवर का निघते, हे विचारा. मुलं पट्टी घेऊन बसतात.

सगळ्यात जास्त खपतो तो ड्यूररचाच गेंडा, १५१५चा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगिजांना दिलेला हा प्राणी आफ्रिकेला वळसा घालून लिस्बनला पोचला. ड्यूररने तो पाहिलाच नाही. दुसऱ्याचं वर्णन आणि कच्चं रेखाटन यांवरून त्याने चिलखत घातल्यासारखा गेंडा काढला, पाठीवर एक जादा शिंगही दिलं, आणि युरोपात दोनशेहून अधिक वर्षं लोकांनी तोच खरा मानला. संचात एक खेळ आहे : एकाने प्राण्याचं नाव न घेता वर्णन करायचं, दुसऱ्याने न बघता काढायचं. पुरावा आणि ऐकीव माहिती यांतला फरक समजावणारं दुसरं पान आम्ही लिहिलं होतं, ते काढून टाकलं. गरज उरली नाही.

सध्या हातात आहे फ्रान्समधली लास्को गुहा. १९४० मध्ये काही मुलांना सापडलेली आणि १९६३ मध्ये पर्यटकांसाठी बंद केलेली, कारण येणाऱ्यांच्या श्वासातला कार्बन डायॉक्साइड आणि दमटपणा हजारो वर्षं टिकलेल्या चित्रांच्या मुळावर आला होता. जीवशास्त्राचा भाग तयार आहे. अडलंय ते मापावर. तिथला सर्वांत मोठा बैल पाच मीटरहून लांब आहे, आमच्या कागदावर तो शेळीएवढा दिसतो. म्हणून या संचात त्या मापाची सुतळी घालायचं चाललंय, घरातल्या भिंतीवर ताणून बघायला. ती गुंता न होता पाकिटात कशी बसवायची, एवढं ठरायचं आहे.