मामांची बोंडअळी आणि माझे फ्लास्क

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते: कॅन्सरच्या पेशींवर औषध टाकायचं, ज्या मरत नाहीत त्या वाढवायच्या आणि त्यांच्या डीएनएत काय वेगळं आहे ते शोधायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई कॅन्सर बरा करते की पाळते? दोन्हीतलं दुसरंच जास्त खरं आहे. औषध कुठे हरतं हे कळल्याशिवाय पुढचं औषध बनत नाही, आणि हरलेलं औषध बघायला जिवंत उरलेल्या पेशीच लागतात.

या वर्षी हा विषय घरातच आला. हिंगणघाटकडच्या माझ्या मामीला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. तिने आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. उलट मामांच्या खिशातली खर्र्याची पुडी चुलीत टाकणारी तीच. तपासणीत ईजीएफआर या, पेशीला वाढायचा हुकूम देणाऱ्या जनुकात म्युटेशन, म्हणजे बदल, निघाला आणि तो हुकूम अडवणारं गेफिटिनिब सुरू झालं, रोज २५० मिलिग्रॅमची एक गोळी. खोकला गेला, वजन वाढलं, दिवाळीनंतर ती वेचणीलाही गेली. मग वर्षभराने सीटीत गाठ पुन्हा मोठी दिसली.

मामा नागपूरला आमच्याकडेच उतरले होते. रात्री जेवताना म्हणाले, "अंगाले गोळीची सवय झाली असन का व?" मामीचं वेगळंच. तिला वाटत होतं लग्नाच्या धावपळीत तिने गोळ्या चुकवल्या, म्हणून हे झालं. मला मामांपेक्षा मामीच्या बोलण्याचा जास्त त्रास झाला. पेशंट स्वतःला दोष देतात आणि आजूबाजूचे लोक पथ्याचं विचारून त्यात भर घालतात.

आमच्या लॅबमध्ये द्रव नायट्रोजनच्या टाकीत एच१९७५ नावाच्या पेशी आहेत. जगभर वापरतात या. १९८८ साली सिगारेट न ओढणाऱ्या एका बाईच्या फुफ्फुसाच्या गाठीतून त्या वाढवल्या गेल्या. गेफिटिनिबला पहिली मान्यता मिळाली २००२ मध्ये, जपानात. तरी या पेशी गेफिटिनिबला दाद देत नाहीत, कारण त्यांच्या ईजीएफआरमध्ये टी७९०एम हे आणखी एक म्युटेशन आहे. जे औषध अजून बाजारातच आलं नव्हतं, त्याच्यापासून बचाव करणारा बदल १४ वर्षं आधीच त्या गाठीत होता! सेंटिमीटरभर गाठीत दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असतात. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल करताना थोड्या चुका होतातच. एवढ्या गर्दीत एखादी चूक नेमकी औषधाला अडवणारी निघते. औषध येईपर्यंत तिचा काही उपयोग नसतो. औषध आलं की बाकीच्या मरतात आणि तिला रान मोकळं.

मी हे सांगत होते तेव्हा मामांनी मध्येच थांबवलं. "म्हंजे बोंडअळीसारखंच न." मी भात कालवायची थांबले. बोंडअळीला मारणारं विष स्वतःच बनवणारा बीटी कापूस भारतात २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा बोलगार्ड-२ २००६ मध्ये. आणि २०१७ च्या हंगामात बीटीलाही न जुमानता विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय केलं ते मामांना मी सांगायची गरज नव्हती. डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, वेचून त्यांची बोटं दुखली होती. बियाण्यासोबत नॉन-बीटीचं १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं. ते कडेने पेरा म्हणजे बीटीला न दाद देणाऱ्या अळ्यांचा पतंग साध्या पतंगांशी जुळेल आणि त्यांची जात जोर धरणार नाही, असा हिशोब होता. "आमी थे पाकीट धुऱ्यावर फेकून देत होतो," मामा म्हणाले. सगळेच फेकत होते. जागा वाया कोण घालवणार?

इथे एक फरक आहे, तो मी मामांना सांगितला नाही पण इथे सांगते. गाठीतल्या पेशी एकमेकींशी जुळत नाहीत. तिथे साध्या पेशींचा उपयोग एवढाच, की त्या जागा आणि अन्न अडवून दाद न देणाऱ्यांना वाढू देत नाहीत. किडींच्या नियंत्रणावरूनच अमेरिकेतल्या मॉफिट कॅन्सर सेंटरच्या रॉबर्ट गेटनबींनी हा विचार कॅन्सरमध्ये आणला. त्यांच्या गटाने २०१७ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या मोजक्या रुग्णांवरचा प्रयोग छापला. गाठ किती वाढली याचा अंदाज देणारं रक्तातलं पीएसए हे प्रथिन निम्म्यावर आलं की अ‍ॅबिराटेरोन हे औषध थांबवायचं, पुन्हा मूळ पातळीला गेलं की सुरू करायचं. औषध कमी लागलं आणि ते टिकलंही जास्त. प्रयोग लहान होता. हे वाचून कुणी आपली गोळी आपल्या मनाने बंद करू नये, फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये तर मुळीच नाही.

मामांचा सवयीचा प्रश्न मात्र अगदीच टाकाऊ नाही. माझं रोजचं काम पीसी-९ या फुफ्फुसाच्याच कॅन्सरच्या पेशींवर चालतं. त्यांच्यातही मामीसारखंच, ईजीएफआर जनुकाच्या एक्झॉन १९ या भागातला तुकडा गळालेलं म्युटेशन आहे. गेफिटिनिब टाकलं की पेशी गोल होतात, तळ सोडतात आणि गुलाबी मीडियममध्ये, म्हणजे त्यांच्या खाण्याच्या द्रावणात, तरंगायला लागतात. मीडियम बदलून पाहिलं तर फ्लास्क रिकामाच वाटतो. पण मायक्रोस्कोपखाली फिरत राहिलं की इथे एक, तिथे एक, चपट्या, पाय पसरून बसलेल्या पेशी सापडतात. वाढत नाहीत, मरतही नाहीत. २०१० मध्ये या पीसी-९ मध्येच दाखवलं गेलं की अशा उरणाऱ्या पेशी हजारात जेमतेम दोन-तीन असतात, त्यांच्यात औषधाला अडवणारं म्युटेशन नसतं आणि औषध काढलं तर त्यांच्या पिलावळीवर ते पुन्हा चालतं. दबा धरून बसलेल्या या पेशींतून पुढे कधीतरी टी७९०एम उगवतं, हे २०१६ मध्ये दिसलं. म्हणजे वाटा दोन. काही आधीपासून तयार असतात, काही टिकून राहून नंतर शिकतात. दोन-चार गोळ्या चुकण्याशी यातल्या कशाचाच संबंध नाही, हे मी मामीला दोनदा सांगितलं. तिला पटलं की नाही माहीत नाही.

(थंडीतली गंमत: औषध ज्यात विरघळवतो ते डीएमएसओ १८.५ अंशांखाली गोठतं. नागपूरच्या जानेवारीत सकाळी बाटली दगड झालेली असते. लाखोंची यंत्रं शेजारी, आणि पीएचडीवाली बाई बाटली तळहातात धरून बसलेली.)

हळूहळू डोस वाढवत नेला की काही महिन्यांनी फ्लास्कचा एक कोपरा भरायला लागतो, मीडियम पिवळं पडतं. मग डीएनए काढून सिक्वेन्सिंगला द्यायचा. ग्राफवर रंगीत डोंगर येतात, प्रत्येक अक्षराचा एक. ईजीएफआरच्या ७९०व्या जागी एसीजी ही तीन अक्षरं असायला हवीत. मधल्या सीच्या निळ्या शिखराखाली टीचं लाल शिखर डोकं काढतं. बस, एवढंच. प्रथिनात थ्रिओनिन या अमिनो आम्लाच्या जागी मेथिओनिन. औषध प्रथिनाच्या ज्या खिशात बसतं तिथे ते आडवं येतं म्हणून गोळी बसत नाही असं आधी वाटायचं, पण २००८ मध्ये दिसलं की मुख्य भानगड एटीपीची आहे, म्हणजे पेशीचं इंधन असलेल्या आणि त्याच खिशात बसणाऱ्या रेणूची. बदललेलं प्रथिन एटीपीला इतकं घट्ट धरतं की गेफिटिनिबला जागा मिळत नाही.

गेफिटिनिब हरतं तेव्हा साधारण निम्म्या रुग्णांत टी७९०एमच असतं. मामीच्या रक्ताच्या चाचणीतही तेच निघालं, आणि विचित्र वाटेल, पण मला हायसं वाटलं. त्याच्यासाठी ओसिमर्टिनिब आहे, २०१५ पासून. ते त्याच प्रथिनातल्या ७९७व्या जागच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला कायमचं चिकटतं. त्या सिस्टीनचं सेरीन झालं की हेही सुटतं, सी७९७एस. आता माझ्या फ्लास्कमध्ये त्याचीच वाट पाहणं चालू आहे.

सोबत एक बारका प्रयोग मांडलाय. साध्या पीसी-९ आणि टी७९०एमवाल्या पीसी-९ वेगवेगळ्या रंगाने चमकवून एकाच फ्लास्कमध्ये सोडते, औषध कधी टाकते, कधी काढते. औषध नसताना टी७९०एमवाल्या मागे पडतात. इतरांनीही हे २०११ मध्ये छापलं होतं. पण फ्लास्कमध्ये मी रोज डोकावू शकते. प्रोस्टेटवाल्यांकडे पीएसए होतं. मामीच्या छातीत काय चाललंय ते तीन महिन्यांच्या सीटीशिवाय कळत नाही, आणि औषध कधी थांबवावं हे तीन महिने उशिरा कळून काय कामाचं? गाठीतून रक्तात गळणारा डीएनए वरचेवर मोजता आला तर काही होईल. त्या चाचणीचा खर्च मामांना विचारा. एका चाचणीच्या पैशात किती क्विंटल कापूस गेला ते त्यांना तोंडपाठ आहे.