मागे जायचंय, पण पुढे जाऊन

काल गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) मेन ब्रँचवर, म्हणजे टीमच्या मुख्य कोडवर, एक घाण कमिट (बदलांची एक नोंद) गेली, माझीच होती, आणि मी घाईघाईत गिट रिसेट हार्ड मारून (ब्रँच जुन्या कमिटवर मागे नेऊन) वर फोर्स पुश करून (सर्व्हरवरची हिस्ट्री जबरदस्तीने बदलून) मोकळा झालो. वाटलं झालं काम. अर्ध्या तासाने तीच कमिट परत हजर! झालं असं की टीममधल्या एकाने आधीच पुल केलेलं (सर्व्हरवरचे बदल स्वतःकडे घेतलेले) होतं, त्याच्या मशीनवर जुनी हिस्ट्री तशीच होती, त्याने पुन्हा पुल केलं, मर्ज झालं (दोन्ही हिस्ट्री एकत्र झाल्या) आणि पुश केल्यावर सगळं भूत परत रिपोत (सर्व्हरवरच्या कोडच्या साठ्यात).

शेअर्ड ब्रँचवर रिसेट नाही, रिव्हर्ट वापरायचं असतं हे मला माहीत होतं हो, पण घाईत कुठं आठवतंय. रिव्हर्ट जुनं काही पुसत नाही, उलटे बदल करणारी नवी कमिट टाकतं, म्हणून बाकीच्यांना नेहमीसारखं पुल केलं की पुरतं.

खरी गंमत मर्ज कमिट (दोन ब्रँच जोडणारी कमिट) रिव्हर्ट करण्याची. तिला दोन पॅरेंट (आधीच्या कमिट) असतात, त्यामुळे कुठली बाजू मेन धरायची ते सांगावं लागतं, बहुतेक वेळा १ नंबर, म्हणजे ज्या ब्रँचमध्ये मर्ज केलं ती. आणि रिव्हर्टनंतर तीच मर्ज केलेली ब्रँच दुरुस्त करून परत मर्ज केली तर जुने बदल येतच नाहीत, कारण गिटच्या हिशोबाने ते आधीच मर्ज झालेत! मग आधी रिव्हर्टचाच रिव्हर्ट करायचा (हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो).

फोर्स पुशमध्ये दुसऱ्या एकाची कमिटपण उडाली होती, ती त्याच्या रिफ्लॉगमध्ये (आपल्या मशीनवर गिट ठेवतं ती हालचालींची नोंद) सापडली. त्याला चहा देणं लागतो.