किल्ली फिरवली की गाणं

माझं नाना पेठेत गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमचं दुकान आहे. इथं येणाऱ्या माणसाला आवाज हवा असतो. कुणाला दाराचे स्पीकर बदलायचे असतात, कुणाला डिकीत वूफर बसवायचा असतो. त्यामुळे मागच्या पावसाळ्यात दुपारी एक व्हॅनवाले काका आले आणि दारातूनच म्हणाले, "दादा, टेप काढून टाका," तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवलं.

पिवळी इको, शाळेची. धायरी फाट्यापासून मुलं गोळा करत वडगाव, आनंदनगर, मग राजाराम पूल ओलांडून कर्वेनगरच्या शाळेत. काका साठीकडे झुकलेले, बोलायला सावकाश. मी विचारलं, "चालू टेप काढायचा कशाला?" तर म्हणाले, "वाजतो म्हणून."

गाडी सुरू केली की फोन आपोआप जोडला जातो आणि गाणं सुरू होतं. काका रात्री झोपताना फोनवर भजनं ऐकतात. सकाळी किल्ली फिरवली की तेच भजन, जिथं थांबलं होतं तिथून, टाळ-मृदंगासकट पुढे सुरू. प्रत्येक सोसायटीच्या गेटवर ते गाडी बंद करतात, कारण मूल खाली यायला वेळ लागतो आणि सीएनजी फुकट जळतो. म्हणजे हा प्रकार गेटागणिक. बाकीच्या मुलांना त्याचं काही नव्हतं. पण वडगावहून चढणारा एक मुलगा स्वमग्न आहे, पहिलीतला. अचानक मोठा आवाज आला की तो कानांवर हात दाबून किंचाळतो. आदल्या दिवशी आनंदनगरच्या गेटवर त्यानं पट्टा सोडला, सरकतं दार ढकललं आणि सिंहगड रस्त्याच्या दिशेनं पळत सुटला. मदतनीस मावशींनी दप्तराला धरून त्याला मागं ओढलं. हे सांगताना काकांचा आवाज फुटला. "पोराला काही झालं असतं तर मी आयुष्यात पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नसता," म्हणाले.

मग त्यांच्या म्हणण्याप्रमाणे टेप सरळ काढून का टाकला नाही? कारण फोन. सकाळभर पालकांचे फोन येतात: आज ताप आहे, आज आजी आणायला येईल, पाच मिनिटं थांबा. हातात फोन धरून गाडी चालवणं २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात धरलं जातं, आणि मुलं मागं बसलेली असताना कायद्याचीही गरज नाही, ते करूच नये. काकांनी टेप घेतला होता तोच मुळी कॉल स्पीकरवर यावेत म्हणून. त्यांना हवं होतं ते अगदी सरळ होतं: कॉल यावा, गाणं येऊ नये. दोन दुकानांत त्यांना एकच उत्तर मिळालं होतं, आवाज कमी करून ठेवा. ते ठेवतही होते. पुढच्या गेटवर आवाज पुन्हा चढलेला.

मला अडकवलं ते याच वाक्यानं. गाणं आपोआप सुरू होण्याची तक्रार आमच्याकडे नवी नाही. पण आवाज कमी करून ठेवलेला टेप पुढच्या वेळी पुन्हा मोठ्यानं का बोलावा? टेपला आधीचा आवाज आठवायला हवा. मी पुढचं पॅनल उघडून टेप बाहेर ओढला आणि मागची वायर पाहिली. टेपला दोन ठिकाणांहून वीज लागते. लाल वायर किल्लीवर असते, गाडी चालू झाली की टेप सुरू करते. पिवळी वायर थेट बॅटरीवर, कायम चालू. टेपची आठवण तिच्या जिवावर असते. आवाज कुठं होता, रेडिओ होता की ब्लूटूथ, घड्याळात किती वाजले, हे सगळं. इथं ज्यानं कुणी फिटिंग केलं होतं त्यानं पिवळी आणि लाल एकत्र पिळून दोन्ही किल्लीवर टाकल्या होत्या. बॅटरीपर्यंत वेगळी वायर ओढायचे कष्ट वाचतात आणि टेप वाजतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला कळत नाही. पण किल्ली काढली की या टेपची पाटी कोरी. पुन्हा सुरू झाला की कारखान्यातून निघतानाच्या आवाजावर. जोडलेल्या फोनांची यादी मात्र तो वेगळ्या मेमरीत ठेवतो, ती पुसली जात नाही. म्हणजे काकांनी कमी केलेला आवाज तो विसरायचा आणि काकांचा फोन मात्र लक्षात ठेवायचा. या धंद्यात इतकी वर्षं काढूनही मला अशा फिटिंगचा राग येतो. तासाभराचं काम अर्ध्या तासात उरकण्यासाठी कुणीतरी हे केलं होतं आणि त्याची किंमत एक सहा-सात वर्षांचं पोर मोजत होतं.

पिवळी वायर फ्यूज लावून बॅटरीवर नेली. आता टेप आवाज लक्षात ठेवू लागला. पण गाणं सुरू व्हायचं ते होतच होतं, आता फक्त हळू आवाजात. एवढ्यावर काकांना परत पाठवता आलं असतं. मला ते पटलं नाही. कुणी मुलानं बटण फिरवलं, किंवा कॉल ऐकू यावा म्हणून काकांनी आवाज वाढवला, की पुढच्या गेटवर पुन्हा तेच.

काकांची खात्री होती की फोन बिघडलाय. "ॲप बंद केलं तरी वाजतं, दादा." मी दुकानातला हेडफोन त्यांच्या फोनला जोडला. जोडला गेला, शांत राहिला. पुन्हा तोडून जोडला, तरी शांत. मग टेपला जोडला आणि भजन सुरू. फोन तोच, ॲप तेच. म्हणजे गाणं लावायला कोण सांगत होतं ते उघड झालं.

ब्लूटूथनं फोन टेपला जोडला जातो तेव्हा आत एक नाही, अनेक नाती जुळतात. कॉलसाठी हँड्स-फ्री. गाण्यासाठी ए-टू-डी-पी, ज्यातून स्टिरिओ आवाज येतो. आणि बटणांसाठी एव्हीआरसीपी, म्हणजे टेपवरचं प्ले, पॉज, पुढचं गाणं हे हुकूम फोनपर्यंत नेणारी वाट. पुष्कळ टेप जोडणी झाली रे झाली की कुणी बटण न दाबता या वाटेनं स्वतःच 'प्ले' पाठवतात. माझी पुतणी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, ती तेव्हा दुकानात आलेली. तिनं काकांच्या परवानगीनं फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ब्लूटूथच्या देवाणघेवाणीची नोंद चालू केली, टेप एकदा बंद-चालू करायला लावला आणि ती नोंद लॅपटॉपवर वायरशार्क नावाच्या, अशा नोंदी वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. जोडणीनंतर लगेच टेपकडून फोनकडे गेलेला संदेश तिनं बोट ठेवून दाखवला. प्ले. काका चष्मा वर करून बराच वेळ त्या ओळीकडे पाहत होते. फोनची निर्दोष सुटका झाली म्हणून त्यांना बरं वाटलं असावं, फोन लेकीनं घेऊन दिलेला होता.

आणि ॲप बंद करूनही वाजायचं, तेही खरंच होतं. अँड्रॉइड ८ पासून असा हुकूम आला की यंत्रणा पाहते, शेवटचं गाणं कुठल्या ॲपनं वाजवलं होतं, आणि हुकूम त्याच्याकडे सोपवते. यादीतून बोटानं सरकवून बंद केलेलं ॲपही यानं पुन्हा उठू शकतं. आयफोनमध्ये गंमत वेगळी आहे: आधी काहीच वाजत नसेल तर बहुतेकदा लायब्ररीतलं वर्णक्रमानं पहिलं गाणं लागतं. त्या एकाच गाण्याला कंटाळलेले लोक जगभर इतके आहेत, की २०१७ मध्ये अमेरिकेत एकानं जवळजवळ दहा मिनिटांची निव्वळ शांतता, यादीत सगळ्यात वर येईल असं नाव देऊन विकायला ठेवली आणि लोकांनी ती विकत घेतली.

टेपमध्ये हा हुकूम बंद करायची सोय आहे का ते सगळ्या मेनूंत शोधलं. नव्हती. काही कंपन्या देतात, फोन गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंग्जमध्येही गाणं आपोआप सुरू करण्याचं बटण बंद करता येतं, पण स्वस्तातल्या टेपमध्ये ती अपेक्षा करू नये. माझ्या मते ती प्रत्येक टेपमध्ये असायला हवी. गाडी सुरू करणाऱ्याला गाणं हवंच आहे हे टेपनं परस्पर ठरवणं मला चूक वाटतं.

मग फोनच्या बाजूनं वाट बंद केली. अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथच्या यादीत टेपच्या नावापुढं चाकाचं चिन्ह असतं. त्यात 'फोन कॉल' आणि 'मीडिया ऑडिओ' अशी दोन वेगळी बटणं. कॉल चालू ठेवला, मीडिया बंद केला. यानं मॅपचा आवाजही टेपमधून येत नाही, फोनमधूनच येतो. काकांना त्या रस्त्यावर मॅप लागत नाही, त्यामुळे ते चाललं. ज्याला लागतो त्याला हे आधी सांगावं लागतं. आणखी एक गोष्ट तपासायची असते. काही फोनांत मीडिया बंद केला तरी 'प्ले'चा हुकूम पोचतो आणि गाणं टेपऐवजी फोनच्याच स्पीकरवर वाजू लागतं. इथं तसं झालं नाही. मी दुकानातून कॉल लावून पाहिला, काकांशी स्पीकरवर बोललो. स्वच्छ.

दुकानात सगळं बरोबर चाललं म्हणून गाडी सोडायची माझी तयारी नव्हती. शाळा सुटायच्या वेळी मी काकांबरोबर व्हॅनमध्ये बसून कर्वेनगरला गेलो. मुलांच्या आधी मदतनीस मावशी चढल्या. काकांनी किल्ली फिरवली आणि टेपमधून बालगीत सुरू झालं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला काही सुचेना.

भजन नव्हतं, बालगीत होतं, म्हणजे फोन काकांचा नव्हता. मी मावशींना विचारलं. त्यांच्याकडे मुलाचा जुना आयफोन. कधीतरी परतीच्या वाटेवर मुलांनी हट्ट धरला म्हणून त्यांनी तो टेपला जोडून गाणी लावली होती, पुढे विसरून गेल्या. आजवर गाण्याची जागा काकांच्या फोननं धरलेली असायची, म्हणून मावशींचा फोन मधे येत नव्हता. ती जागा मी रिकामी केली आणि टेपनं आपल्या यादीतला दुसरा फोन उचलला. कॉलसाठी काकांचा, गाण्यासाठी मावशींचा. मावशी कावऱ्याबावऱ्या झाल्या. त्यांना सांगितलं की यात त्यांचं काही चुकलेलं नाही. आयफोनमध्ये एकाच यंत्रासाठी गाणं बंद आणि कॉल चालू असं बटण नसतं, आणि मावशींना या टेपवर कॉल घ्यायचेच नव्हते. दोन्हीकडची ओळख पुसून टाकली: फोनमध्ये 'फरगेट', आणि टेपच्या यादीतूनही नाव काढलं. फक्त एकीकडे काढून भागत नाही. टेपच्या यादीत नाव राहिलं तर तो त्या फोनला हाका मारत राहतो.

मुलं येऊ लागली. तो मुलगा चढला आणि नेहमीच्या खिडकीशी जाऊन बसला. गाडी सुरू झाली. काही वाजलं नाही. राजाराम पुलावर नेहमीची गर्दी, पलीकडे आनंदनगरच्या गेटवर गाडी बंद, पुन्हा सुरू. तरीही त्याचे हात दर वेळी किल्ली फिरताना कानांकडे जातच होते. आवाज बंद झाला हे त्याला कोण सांगणार? मी काकांना म्हटलं, काही दिवस किल्ली फिरवायच्या आधी त्याला सांगत जा, आता गाडी सुरू करतोय. पुढच्या गेटपासून काकांनी ते सुरू केलं. वडगावच्या आधी एका पालकांचा फोन आला आणि टेपची घंटी केवढ्यानं तरी वाजली. मुलगा दचकला, पण किंचाळला नाही. घंटीचा आवाज पुष्कळ टेपमध्ये वेगळा असतो, आणि घंटी वाजत असतानाच बटण फिरवलं तर तो कमी होतो. गाडी कडेला घेऊन मी माझ्या फोनवरून कॉल लावला आणि तो अगदी खाली आणला.

वडगावला मुलाची आई खाली उभी होती. काकांनी माझी ओळख करून दिली. ताईंनी लक्षपूर्वक सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमच्या गाडीतही असंच होतं. माझा आयफोन आहे. काही करता येईल?" आयफोनच्या शॉर्टकट्स ॲपमध्ये ऑटोमेशन, म्हणजे आपोआप पाळला जाणारा हुकूम, लावता येतो: या नावाच्या ब्लूटूथला जोडलं गेलं की गाणं पॉज कर, आणि न विचारता लगेच कर. मी तिथंच त्यांच्या गाडीत बसून ते लावलं. पण टेपचा 'प्ले' जोडणीनंतर जरा उशिरा येतो, म्हणून पॉजच्या आधी थोडं थांबायला सांगावं लागतं, आणि तेवढ्या अवधीत गाण्याचा एखादा तुकडा निसटून वाजतो. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तुकडा निसटला. दुसऱ्या कुणाला तेवढं चाललं असतं. त्यांच्या मुलाला नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

त्यांच्या गाडीचा टेप मात्र आठवण ठेवणारा होता. गाडी बंद करायच्या आधी ब्लूटूथवरून रेडिओवर न्यायचं आणि रेडिओचा आवाज शून्यावर ठेवायचा. पुढच्या वेळी तो रेडिओवरच सुरू होतो, प्लेचा हुकूम पाठवत नाही आणि कॉल तरीही येतात. ताईंनी स्वतः गाडी बंद-चालू करून खात्री केली, मग फोनमधलं ऑटोमेशन काढून टाकायला सांगितलं. काकांनी पैसे विचारले तेव्हा मी वायर आणि फ्यूजचे घेतले. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्याच ओळखीच्या एका व्हॅनवाल्यांची इको दारात उभी राहिली. टेप दुसऱ्या कंपनीचा होता, पण मागं पिवळी आणि लाल वायर तशीच एकत्र पिळलेली.