नॉयश्वानस्टाईनला कोच टूरने जाताय? आधी गुडघ्यांचा विचार करा

म्युनिकहून तीन दिवसांची कोच टूर केली, मी, बायको आणि आई. रोथेनबुर्ग हे जुनं तटबंदीचं गाव, मग डोंगरावरचा नॉयश्वानस्टाईन महाल, शेवटी लिंडरहोफ, तोही महालच. रोथेनबुर्ग छान आहे, तटबंदीवरून फुकट फिरता येतं, बास. डोकं फिरलं ते नॉयश्वानस्टाईनला.

ब्रोशरमध्ये 'कॅसल व्हिजिट' होतं. बसमध्ये कळलं की व्हिजिट म्हणजे बाहेरून बघायचं, आत जायचं तर तिकीट वेगळं, आणि ते टूरवाल्याकडे, तिकीट खिडकीच्या जवळजवळ दुप्पट भावात. घेतलं, काय करणार, आईला एवढ्या लांब आणून नुसत्या भिंती दाखवू? तुम्ही बुक करतानाच एन्ट्री धरून आहे का ते लेखी घ्या. नसेल तर ऑनलाइन स्वतः काढा, पण बस किती वाजता पोचते ते विचारून, कारण तिकिटावर आत जायची वेळ, म्हणजे स्लॉट, छापलेली असते आणि ती हुकली की तिकीट गेलं.

बस खाली होहेनश्वानगाउ गावात सोडते. तिथून वर दीड किलोमीटर डांबरी चढ, अर्धा-पाऊण तास. सिंहगडवाल्यांना हसू येईल, पण स्लॉट गाठायला पळालात तर तोंडाला फेस येतो.

आता गुडघे. गावातून वर जाणारी शटल बस महालाच्या वरच्या अंगाला, घळीवरच्या मारियन पुलाजवळ सोडते, जो तो सांगतो वयस्कर माणसांना तीच घ्या. घेऊ नका! तिथून महालापर्यंत दहा-पंधरा मिनिटं नुसता उतार, आणि दुखऱ्या गुडघ्याला चढ परवडला पण उतार नको. आई माझा दंड धरून धरून उतरली, स्लॉटला चार मिनिटं असताना दारात पोचलो. त्यापेक्षा घोडागाडी करा, तीही दारापर्यंत जात नाही, शेवटचा चढ चालावाच लागतो, तरी बरी. आतल्या पायऱ्या वेगळ्या, चढउतार मिळून तीनशेच्या वर.

आणि आत काय, तर अर्धा तास, मेंढरांसारखं पुढे हाकलतात, फोटो बंद. बव्हेरियाच्या लुडविग राजाने महाल 1869 ला बांधायला घेतला, 1886 ला राजा गेला, काम अर्धवट, आणि काही आठवड्यांतच तिकीट लावून लोकांना उघडला, म्हणजे धंदा तेव्हापासूनचाच. 2025 मध्ये आपले बारा किल्ले आणि लुडविगचे महाल एकाच बैठकीत जागतिक वारशात गेले, पण राजगड डोक्यात ठेवून जाऊ नका, हा लढायचा किल्ला नव्हेच, बुरुजसुद्धा शोभेचे.

माझं मत, आत नाही गेलात तरी चालेल. मारियन पूल मात्र सोडायचा नाही, खाली खोल घळ, समोर महाल, आणि सगळं फुकट, मी तिथे पाच मिनिटं दुप्पट पैसेपण विसरलो. बर्फ पडला की पूल आणि शटल दोन्ही बंद ठेवतात, तेव्हा थंडीत जाणाऱ्यांनी आधी चौकशी करा.

लिंडरहोफला मी बसमध्ये झोपलो होतो. आई म्हणाली कारंजं सुरेख होतं.